देवाची मृगया आणि दख्खनचा ससा

संक्रांतीचा दुसरा दिवस तेलुगू मुलुखात 'कनुमा' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी तिरुमलेला श्रीमलयप्पस्वामींची स्वारी पारुवेटा मंडपाकडे निघते. पारुवेटा म्हणजे शिकार. मंडपात पूजा-नैवेद्य होतो, देवाच्या वतीने भाला फेकला जातो आणि स्वारी वाजतगाजत परत फिरते. अहोबिलमच्या नरसिंहाचा पारुवेटा तर याच दिवशी सुरू होऊन सुमारे चाळीस दिवस चालतो. देवाने चेंचू या रानकऱ्यांच्या कन्येशी लग्न केले; तेव्हा लग्नाचे आमंत्रण द्यायला तो स्वतः पालखीत बसून गावोगाव जातो, अशी तेथील श्रद्धा आहे. मंगळुरूच्या श्रीवेंकटरमण देवस्थानात रथसप्तमीच्या सुमारास 'कोडियाल तेरू' भरते, त्यातही 'मृगबेटे' हा उत्सव असतो. आपल्या वाचकांपैकी कित्येकांनी तो लहानपणी आजोळी पाहिला असेल.

गेल्या कनुमाला कुकटपल्लीतील आमच्या शेजारात या विषयावर गोष्टी निघाल्या. एक मंगळूरकर आजी मृगबेट्याचे वर्णन करीत होत्या. त्यांच्या नातवाने विचारले, "देवान कितें मारलें?" आजी म्हणाल्या, "कांयच ना रे पुता. देव रित्या हातांनी परत येता." रायलसीमेकडील एक निवृत्त शिक्षक तेथे बसले होते. ते म्हणाले, "आमच्या गावी देव रित्या हातांनी जात नसे. आदल्या दिवशी रानात जाळे लावून ससा धरीत. त्याला कुंकू लावून, पूजा करून पालखीपुढे सोडीत. ससा धूम ठोकी, पोरे त्याच्यामागे धावत, आणि तो रानात गेला की वर्ष सुखाचे जाणार असे म्हणत. आता जंगलखात्याने ते बंद केले." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "वकीलसाहेब, आम्ही तर ससा सोडून देत होतो. सोडलेल्या सशाची शिकार कशी होते?"

त्या वेळी मी कायद्याचे कलम सांगून मोकळा झालो. उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. कलमामागे दख्खनच्या पठारावरची आठ-नऊशे वर्षांची हकीकत आहे, आणि ती सांगितल्यावाचून त्या सद्गृहस्थांच्या प्रश्नाला न्याय मिळत नाही. म्हणून हा लेख.

प्रथम सशाविषयी. मराठीत 'ससा', कोंकणीत 'सोंसो' आणि तेलुगूत 'कुंदेलू' या शब्दांनी आपण दोन निरनिराळ्या प्राण्यांना हाक मारतो. पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा वा करडा ससा मूळचा युरोपातला. तो जमिनीत बिळे करून कळपाने राहतो. त्याची पिले जन्मतः आंधळी व केसांवाचून असतात. आपल्या माळरानावरचा ससा वेगळा. मानेवर काळा ठिपका असलेला हा प्राणी बीळ करीत नाही. गवतात किंवा झुडपाच्या बुडाशी अंगाच्या मापाचा खळगा करून तो दिवसभर त्यात दबून बसतो. त्याची पिले उघड्या डोळ्यांनी व अंगावर लव घेऊनच जन्माला येतात, कारण त्यांना लपायला घर नाही. डोळे, कान आणि पाय एवढीच त्यांची मालमत्ता.

या भेदावर शिकारीची सारी पद्धत अवलंबून आहे. युरोपात बिळातला ससा बाहेर काढण्यासाठी फेरेट नावाचा, मुंगसासारखा लांबट अंगाचा पाळीव प्राणी बिळात सोडतात. बिळाच्या तोंडांवर जाळी लावलेली असतात. भेदरलेला ससा बाहेर पडतो तो जाळ्यातच. ही युक्ती फार जुनी आहे. बालेआरिक बेटांवर सशांनी शेते उद्ध्वस्त केल्यामुळे तेथील लोकांनी रोमनांकडे मदत मागितल्याचे स्त्राबो या भूगोलकाराने नमूद केले असून, सशांवर आफ्रिकेतील असा प्राणी सोडीत याचाही त्याने उल्लेख केला आहे. आपल्याकडे ही विद्या रुजली नाही, कारण येथे ससा बिळात राहतच नाही. येथे त्याला धरण्याचे तीनच मार्ग होते: धावत्या कुत्र्याने गाठणे, जाळ्यात किंवा फाशात अडकवणे, आणि रात्री दिव्याने दिपवणे. दख्खनच्या माळावरील शिकारीचा इतिहास या तीन मार्गांचा इतिहास आहे.

ज्या कुकटपल्लीत बसून मी हे लिहीत आहे, ती आज हैदराबादची गजबजलेली वस्ती आहे. हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीने तिची शेते व्यापली आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून तिच्या डोक्यावरून मेट्रो धावू लागली. पण जुन्या गावठाणातील रामालयापाशी उभे राहून डोळे मिटले, तर मूळची भूमी ओळखता येते: ग्रॅनाइटचे गोल धोंडे, खुरटी झुडपे, मधूनमधून चेरुवू म्हणजे तळी, आणि त्यांच्या काठची ज्वारी-भाताची शेते. सशाला याहून मानवणारी जागा दुसरी नाही. गावावरून जाणारा मुंबईचा रस्ता जहीराबाद, हुमनाबादवरून सोलापुरास पोचतो. याच रस्त्याने गेल्यास वाटेत, हुमनाबादच्या पलीकडे, बसवकल्याण लागते. हेच चालुक्यांचे कल्याणी. आपल्या गोष्टीचा पहिला लेखी दाखला तेथला आहे.

बाराव्या शतकात कल्याणीच्या गादीवर तिसरा सोमेश्वर हा राजा होता. सुमारे ११३० साली त्याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठी भाषेचे अभ्यासक या ग्रंथाकडे आदराने पाहतात, कारण त्यात दशावतारवर्णनाच्या ओघात जुन्या मराठीचे नमुने आले आहेत. राजाने वेळ कसा घालवावा हे सांगताना सोमेश्वर अनेक विनोदांचे, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांचे वर्णन करतो, आणि त्यांत मृगयेला व कुत्र्यांच्या विनोदाला स्वतंत्र स्थान देतो. कुत्र्यांच्या जाती, त्यांची अंगलक्षणे व त्यांच्याकडून करून घ्यायचे काम यांची चर्चा एका सार्वभौम राजाने करावी, यावरून दरबारात या छंदाला केवढी प्रतिष्ठा होती ते कळते.

आजचे आपले धावते कुत्रे सोमेश्वराच्या कुत्र्यांचे वंशज आहेत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मराठवाड्यात आणि सोलापूर-विजापूरकडे त्यांना 'कारवानी' म्हणतात. नावच सांगते की ते व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आले. अरबस्तान, इराण व मध्य आशियातील शिकारी कुत्र्यांशी त्यांचे साम्य उघड आहे. निमुळते डोके, खोल छाती, पाठीला टेकेल एवढे आत गेलेले पोट आणि लांब सडक पाय, अशी त्यांची ठेवण असते. कानांवर व शेपटीवर लांब केस असलेल्यांना पश्मी म्हणतात. हे कुत्रे वासावर शिकार करीत नाहीत, नजरेवर करतात. लातूरच्या बाजूला शेतकऱ्यांच्या घरी ते आजही दिसतात. तो भाग १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व पुढे हैदराबाद राज्यात मोडत होता, हे येथे लक्षात ठेवावे.

ज्वारी निघाल्यावर, थंडीच्या सकाळी, माणसे अंतराअंतराने ओळ धरून रानातून चालत. ससा पायाखाली येईपर्यंत हलत नाही. हलला की बाणासारखा सुटतो. मग साखळीतली जोडी सोडीत. सरळ धावेत कुत्रा सशाला गाठतो. पण गाठण्याच्या क्षणी ससा अशी कलाटणी घेतो, की कुत्रा आपल्याच वेगाने पुढे निघून जातो. दुसरा कुत्रा त्या कलाटणीवर नजर ठेवून आडवा येतो. दोन-चार कलाटण्यांत निकाल लागे. काटेरी कुंपण, ओढ्याची दरड किंवा बाभळीचे बन जवळ असले तर निकाल बहुधा सशाच्या बाजूने लागे, आणि म्हाताऱ्या सशाला ही ठिकाणे माणसांपेक्षा जास्त ठाऊक असत.

ससा निसटतो ही गोष्ट शिकाऱ्याला खटकत असे, असे समजू नये. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांडरचा चरित्रकार आरियन याने धावत्या कुत्र्यांच्या शिकारीवर एक ग्रंथ लिहिला. खरा शौकीन ससा मारण्यासाठी कुत्रे नेत नाही, धाव पाहण्यासाठी नेतो, आणि ससा सुटला तर आनंद मानतो, असा त्याचा अभिप्राय आहे. इंग्लंडात १८३६ पासून वॉटर्लू चषकासाठी कुत्र्यांच्या शर्यती लागत. त्यांत ससा मेला की जगला यापेक्षा कोणत्या कुत्र्याने त्याला किती वेळा वळवले यावर गुण ठरत. अर्थात ससा मरत असेच. २००५ साली तेथील शिकारबंदी कायदा अमलात आला आणि हा चषक इतिहासजमा झाला.

आपल्याकडे हाच भाव दुसऱ्या रूपाने व्यक्त झाला आहे. विजयनगरास सुमारे १५३५ ते १५३७ या काळात राहिलेल्या फर्नाव नुनिझ या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने नगराच्या स्थापनेची कथा नोंदवली आहे. राजा नदीपलीकडे कुत्रे घेऊन शिकारीस गेला असता एक ससा उठला. तो पळण्याऐवजी कुत्र्यांवरच उलटला व त्याने त्यांना चावे घेतले. राजाने ही नवलाची गोष्ट एका तपस्व्यास सांगितली. त्याने त्या जागी नगर वसवण्यास सांगितले. रॉबर्ट स्यूएल याने १९०० साली हा वृत्तांत इंग्रजीत आणला. १४११ साली वसलेल्या अहमदाबादेविषयीही अशीच कथा लोक सांगतात. कथेचा ऐतिहासिक खरेपणा हा प्रश्न बाजूला ठेवू. तिचे मर्म असे, की ज्या भूमीत ससा उलटून उभा राहतो ती भूमी दुर्बळाला बळ देणारी, म्हणून राजधानीस योग्य. राजाच्या कुत्र्यांचा पराभव हा येथे राज्याचा शुभशकुन ठरला!

धर्मग्रंथांचे मतही एकेरी नाही. पाच नखे असलेल्या प्राण्यांपैकी जे पाच भक्ष्य म्हणून सांगितले आहेत त्यांत ससा येतो, आणि मनुस्मृतीत राजाच्या कामज व्यसनांच्या यादीत मृगयेचे नाव पहिले आहे. एकीकडे अनुमती, दुसरीकडे इशारा. कौटिल्याने मृगया व द्यूत यांची तुलना करून मृगयेचा पक्ष घेतला: तीत व्यायाम घडतो, मेद झडतो, चालत्या निशाणावर नेम बसतो आणि प्राण्यांच्या चित्ताची पारख होते. रामायणात वालीने रामास जो जाब विचारला त्यातही हा विषय आहे. भक्ष्य अशा पाच पंचनखांत वानर नाही, मग तू मला का मारलेस, असा वालीचा युक्तिवाद आहे. त्यावर रामाने दिलेल्या उत्तरांपैकी एक असे, की माणसे पशूंना फास व जाळी लावून आणि लपून धरीतच आली आहेत, आणि धर्म जाणणारे राजर्षीही मृगयेस जातात. माझ्यासारख्या वकिलाला या उत्तरात एक गोष्ट विशेष दिसते. फास, जाळी आणि लपून बसणे ही साधने येथे हीन मानलेली नाहीत. राजर्षीची मृगया आणि पारध्याचा फास एकाच श्वासात उच्चारले गेले आहेत.

पुढच्या काळात हे समान स्थान राहिले नाही. राजाच्या हातातील साखळी प्रतिष्ठेची ठरली आणि पारध्याच्या हातातील फास गुन्ह्याचा.

याचा सर्वांत बोलका पुरावा मुधोळचा आहे. आज बागलकोट जिल्ह्यात असलेले मुधोळ हे घोरपडे या मराठा घराण्याचे संस्थान. तेथील मालोजीराव घोरपडे यांनी कारवानी जातीची जोपासना केली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एक जोडी पंचम जॉर्ज बादशहास भेट दिली. तेव्हापासून या कुत्र्यास 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झाले. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्याचे चित्र तिकिटावर छापले. एवढी कथा सगळेच अभिमानाने सांगतात. पण याच संस्थानातील हलगली या गावचे बेडर हे हाडाचे शिकारी लोक. १८५७ साली इंग्रजांनी हत्यारे जमा करण्याचा हुकूम काढला. ज्यांची रोटी आणि अब्रू हत्यारावर, त्यांनी ती देण्याचे नाकारले. नोव्हेंबर १८५७ मध्ये फौजेने गाव जाळले, कित्येक मारले गेले आणि धरलेल्यांपैकी अनेकांना फाशी दिले. एकाच मातीतील शिकारी माणूस फासावर गेला आणि शिकारी कुत्रा पुढे राजवाड्यात पोचला. इतिहासाने लिहिलेला हा न्यायनिवाडा वाचून कोणाही कायदेपंडिताने क्षणभर मान खाली घालावी.

पारध्यांचे दुर्दैव याहून लांबले. फासेपारधी हे नावच त्यांच्या साधनावरून पडले आहे. केसांचे वा तातीचे फास गवतातील वाटेवर ओळीने लावून तित्तिर, लावे आणि ससे धरणे ही त्यांची वंशपरंपरागत विद्या. कापणीच्या दिवसांत शेतकरी त्यांना शेतात येऊ देई, कारण कोवळे पीक खाणारा ससा त्यालाही नको असे. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवण्याची सोय सरकारने करून घेतली, आणि पारधी त्या जाळ्यात आले. पोलिसांपुढे रोजची हजेरी, परवानगीवाचून गाव सोडायची बंदी! ज्यांचा धंदाच रानोमाळ हिंडण्याचा, त्यांना हे पायातले लोखंडच होते. येथे एका राजाचे नाव आदराने घेतले पाहिजे. कोल्हापूरचे शाहू छत्रपती स्वतः पट्टीचे शिकारी. त्यांचे शिकारी चित्ते प्रसिद्ध होते. त्यांनी १९१८ साली आपल्या संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना घरे व कामे दिली. रानात पारध्याचे कसब पाहिलेल्या माणसालाच त्याच्या हातून होणाऱ्या पहाऱ्यावर विश्वास टाकता आला. देशभर मात्र हा कायदा रद्द होण्यास ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले.

आता तिसरा मार्ग, दिव्याचा. रात्री टेंभा वा दिवा घेऊन, घंटा वाजवीत हळूहळू पुढे जायचे आणि दिपलेला, गोंधळलेला ससा जाळ्याने अथवा काठीने घ्यायचा, ही पद्धत दख्खनेत जुनीच. तिचा पल्ला हातातील ज्योतीएवढा होता. पण दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या आल्या, प्रखर विजेचे दिवे आले, आणि माळाचे रूप पालटले. धावत्या जीपमधून दिव्याचा झोत टाकला की काळवीट असो वा ससा, त्याचे डोळे चमकतात आणि तो जागच्या जागी थिजतो. ज्या प्राण्याची सारी मालमत्ता डोळे, कान आणि पाय, त्याचे डोळेच दिव्याने हिरावून घेतले. मग पाय काय कामाचे? कुत्र्यापुढे सशाला कलाटणी होती, कुंपण होते, दरड होती. दिव्यापुढे काहीच नव्हते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या पठारावरची रिकामी झालेली राने ही मोठ्या अंशी या दिव्यांची करणी आहे. निजामाच्या राज्यात जहागिरी होत्या तोवर जहागीरदाराच्या धाकाने का होईना, रानाला राखणदार होता. १९४९ साली जहागिरी गेल्या; जुना राखणदार हटला आणि नवा यायचा होता. त्या मधल्या काळात ज्याच्याकडे गाडी आणि बंदूक, तो राजा झाला.

कायद्याची वाटचालही पाहू. ब्रिटिश हिंदुस्थानात १९१२ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात ससा होता, परंतु त्याचे संरक्षण सरकार जाहीर करील त्या बंदीच्या मोसमापुरते होते. मुंबई राज्याने १९५१ साली आपला स्वतंत्र कायदा केला. १९७२ साली संसदेने वन्यजीव संरक्षण अधिनियम केला आणि ससा चौथ्या अनुसूचीत, लहान शिकारीच्या प्राण्यांत ठेवला. म्हणजे परवाना घेऊन त्याची शिकार करता येत होती. मात्र सतराव्या कलमाने शिकारीच्या रीतींवर बंधने घातली होती. वाहनातून शिकार करायची नाही. कृत्रिम प्रकाश वापरायचा नाही. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकार करायची नाही. या दोन बाबतींत विशेष परवानगीचा अपवाद होता, तो सशासाठी नव्हे. धरण्याचा वेगळा परवाना असल्याखेरीज जाळे लावायचे नाही. आणि पाणपक्षी, चकोर, तित्तिर व लावे यांखेरीज कोणत्याही प्राण्याची कुत्र्यांच्या मदतीने शिकार करायची नाही.

वाचकांनी हे कलम बारकाईने पाहावे. दिव्याला बंदी, हे उचितच होते. पण कायद्याच्या अक्षरानुसार १९७२ पासून पुढे परवानाधारक बंदूकवाला दिवसाढवळ्या ससा मारू शकत होता, आणि ज्याच्या दारी परवाना नाही, बंदूक नाही, फक्त एक कारवानी कुत्रा आहे, त्या शेतकऱ्याची वा पारध्याची धाव मात्र गुन्हा होती. जी शिकार सशाला सर्वांत जास्त संधी देत होती ती आधी गेली आणि जी कमी संधी देत होती ती परवान्याच्या आश्रयाने उरली. ही विसंगती १९९१ च्या दुरुस्तीने संपवली. त्या वर्षी शिकारीचे परवाने देणारी कलमे व हे सतरावे कलमही गाळण्यात आले आणि अनुसूचित वन्य प्राण्यांच्या शिकारीवर सरसकट बंदी आली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, तरी सशाचे संरक्षण टिकून आहे. राजा आणि पारधी पुन्हा एकदा एका पंक्तीत बसले. या वेळी दोघांच्याही पानात काही नव्हते. फरक इतकाच, की राजाचा छंद गेला आणि पारध्याची भाकरी गेली. छंद गेलेल्याला भरपाईची गरज नसते; भाकरी गेलेल्याला जमीन, शाळा आणि काम द्यावे लागते. ते देणे अजून फिटलेले नाही, आणि ससा वाचवल्याचे समाधान मानताना आपण ते विसरू नये.

आता शिक्षकमहाशयांच्या प्रश्नाकडे येतो: सोडलेल्या सशाची शिकार कशी होते? अधिनियमाच्या दुसऱ्या कलमात शिकारीची व्याख्या आहे. तीत मारणे आहेच. पण त्याबरोबर पकडणे, कुत्र्यांकरवी वा अन्यथा पाठलाग करणे, फाशात अडकवणे, हाकणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, ही सर्व कृत्ये शिकार म्हणूनच गणली आहेत. पूजेसाठी धरला तरी ससा 'पकडला' गेला आणि पालखीपुढे त्याच्यामागे धावले तरी त्याला 'हाकले' गेले. बाराव्या कलमात परवानगीचे हेतू दिले आहेत: शिक्षण, शास्त्रीय संशोधन, प्राणिसंग्रहालये व अशीच इतर काही. धार्मिक विधी त्यांत नाही. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला तेव्हा जिवंत नाग पकडण्याच्या रूढीलाही याच कायद्याची वेस पडली. तेथे नागाला कोणी मारीत नव्हते. पूजा करून सोडूनच देत होते. २०२५ साली केंद्र सरकारने तेथे काही मोजक्या लोकांना नाग धरण्याची परवानगी दिली, तीही शिक्षणाच्या हेतूने, विधीसाठी नव्हे.

रूढीचा अभिमानी म्हणेल, हा धर्मावर घाला आहे. मला तसे वाटत नाही, आणि हे मी कायद्याच्या धाकाने म्हणत नाही. रानातल्या सशाचे काळीज किती नाजूक असते हे जाणकारांना विचारावे. जाळ्यात धडपडलेला, रात्रभर टोपलीत कोंडलेला, ढोल-ताशांत हात लावलेला ससा पालखीपुढून पळून गेला म्हणजे जगलाच असे नाही. झुडपाआड त्याचे काय झाले हे पाहायला आपण गेलेलो नसतो. त्या विधीचा आशय 'सोडणे' हा होता यात शंका नाही. हिंसेच्या उत्सवाचे रूपांतर अभयदानाच्या उत्सवात करणारी ती आपल्या पूर्वजांची कल्पना फार सुंदर होती. पण अभय द्यायचे तर आधी भय का घालावे? ज्याला सोडायचे आहे त्याला धरावे कशाला?

देवाचे कुत्र्याशी वैर नाही. ते आपल्या दैवतांचे सोबती आहेत. दत्तात्रेयाच्या पायाशी चार कुत्रे आहेत, त्यांना आपण वेद मानतो. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो आणि वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवतो. तेलंगणात याच देवाचे भाऊपण कोमुरवेल्लीच्या मल्लण्णाशी जोडले जाते. हे सारे धनगर, पारधी, चेंचू अशा रानातल्या लोकांकडून देवळात आलेले धन आहे. अहोबिलमचा देव चेंचूंच्या घरी आमंत्रण घेऊन जातो, त्या पालखीत मला आपल्या परंपरेचे खरे मोठेपण दिसते. शिकाऱ्याला गुन्हेगार ठरवणारे राज्य आले आणि गेले, परंतु त्या देवाने शिकाऱ्याला सासरा मानले आणि ते नाते तोडले नाही. मृगबेट्यातून जपायचे ते हे आहे. ससा नसला तरी उत्सवाला उणेपणा येत नाही. ज्यांच्याकडून हा उत्सव आला ती माणसे मात्र पालखीच्या वाटेवर असायला हवीत.

हैदराबादच्या दुसऱ्या टोकाला, वनस्थलीपुरमजवळ, निजामाचे एक शिकारीचे रान होते. भगवान महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षे झाली त्या निमित्ताने, १९७५ साली, ते महावीर हरिण वनस्थली म्हणून काळविटांसाठी राखले गेले. शिकारगाहेचे अभयारण्य होणे ही या शहराच्या इतिहासातील अभिमानाची ओळ आहे. पण २०२५ च्या वसंतात कुकटपल्लीहून फार दूर नसलेल्या कांचा गचिबावलीतील चारशे एकर रानात यंत्रे घुसली आणि सर्वोच्च न्यायालयाला झाडतोड थांबवण्याचा हुकूम द्यावा लागला. कुत्रा, फास आणि दिवा या तिन्हींना बंदी झाल्यावर सशाची गाठ आता बुलडोझरशी पडली आहे. त्याच्यापुढे कलाटणी घ्यायला जागाच उरत नाही.

शिक्षकमहाशयांना मी आता माझे पुरे उत्तर सांगेन. कायद्याच्या दृष्टीने सोडलेल्या सशाचीही शिकार होते, कारण तो आधी धरलेला असतो. आणि धर्माच्या दृष्टीने म्हणाल, तर मंगळूरकर आजींनी नातवाला दिलेले उत्तरच प्रमाण मानावे. देव भाला घेऊन निघतो, रानाच्या कडेपर्यंत जातो, आणि रित्या हातांनी परत येतो. त्याच्या हातांचे रितेपण हेच त्या रात्रीचे पुण्य आहे. आपले काम एवढेच, की पुढच्या वर्षी पालखी निघेल तेव्हा ती जिथून परत फिरायची ते रान जागेवर असावे.